जरीपटक्यातील शुक्रवारचा दवाखाना : दोन वर्षांच्या ये-जानंतरचे मत

जरीपटक्यात एका धर्मादाय संस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर दर शुक्रवारी सकाळी दहा ते एक या वेळात एक दवाखाना भरतो. पाकिस्तानातून, मुख्यतः सिंध प्रांतातून, येऊन नागपुरात राहू लागलेल्या कुटुंबांसाठी तो सुरू झाला. मात्र रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही तेथे परत पाठवत नाहीत. केसपेपरचे वीस रुपये पडतात आणि साधी औषधे बहुधा तेथेच मिळतात. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना नावावाचूनही हा दवाखाना सापडेल, कारण त्या भागातील कोणत्याही किराणा दुकानात शुक्रवारच्या दवाखान्याची विचारणा केली की दुकानदार हातातले माप बाजूला ठेवून रस्ता सांगतो.

मी स्वतः तेथील रुग्ण नाही. इंदोऱ्यात राहणारी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून एका कुटुंबाची सोबत म्हणून तेथे जाते. माझे ब्लाउज शिवणाऱ्या भाभी सिंधमधील सक्कर जिल्ह्यातून पती, दोन मुलगे आणि एका सुनेसह येथे आल्या. त्यांना हिंदी बोललेली समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. ही गोष्ट मला ठाऊक होती, परंतु तिचा औषधाशी काही संबंध असेल असे इतकी वर्षे शाळेत शिकवूनही माझ्या मनात आले नव्हते.

तो संबंध पहिल्याच भेटीत उलगडला. भाभींना थायरॉइडचा त्रास होता. शहरातील एका खासगी डॉक्टरांकडे आठ महिने उपचार चालू होते, गोळीची मात्रा दोनदा वाढवून झाली होती, तरी रक्ततपासणीतील आकडा खाली यायला तयार नव्हता. शुक्रवारच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एका मदत कक्षात बसावे लागते. तेथे सिंधी बोलणारी एक तरुण मुलगी असते. तिने आकड्याविषयी काहीच विचारले नाही. भाभींना पिशवीतील सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि म्हणाली, "काल दिवसभरात कोणती कधी घेतली, तेवढं मला करून दाखवा." भाभींनी थायरॉइडची गोळी रात्रीच्या जेवणाच्या जागी, कॅल्शियमच्या गोळीच्या शेजारी ठेवली. जुन्या चिठ्ठीवर '१-०-०' असे लिहिलेले होते. डावीकडून वाचणाऱ्याला त्याचा अर्थ सकाळी एक असा लागतो. उजवीकडून वाचणाऱ्या बाईने तो रात्री एक असा लावला होता. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमपासून काही तास दूर ठेवायची ती गोळी आठ महिने पोटभर जेवणावर आणि कॅल्शियमसोबतच जात होती. यात भाभींनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. त्यांनी चिठ्ठी अगदी काटेकोर वाचली होती.

त्या दिवसापासून भाभींच्या औषधांच्या पाकिटांवर आकडे नसतात. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर अशी तीन चित्रे शिक्क्याने उमटवलेली असतात, गोळी उपाशीपोटी घ्यायची असेल तर पालथी ताटली काढलेली असते आणि खाली निळ्या शाईत सिंधीत दोन शब्द लिहिलेले असतात. चंद्रकोरीचा शिक्का थोडा झिजला आहे आणि कधी कधी केळ्यासारखा दिसतो. तीन महिन्यांनी तपासणीतील आकडा खाली आला. मात्रा वाढवावी तर लागली नाहीच, उलट डॉक्टरांनी ती कमी केली. या दवाखान्याची बाकी सगळी व्यवस्था उद्या मोडली तरी ते तीन शिक्के कोणीतरी उचलून न्यावेत आणि शहरातील प्रत्येक औषधखिडकीवर ठेवावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. देवनागरी न वाचणारे फक्त सीमेपलीकडूनच येतात असे थोडेच आहे?

येथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण हा दवाखाना मुळात कोणत्या अडचणीवर उभा आहे हे त्याशिवाय कळणार नाही. जरीपटका ही वस्तीच १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केली. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज येथे व्यापारात स्थिरावलेली आहे. गेल्या काही दशकांत आलेली कुटुंबे याच नात्यागोत्याच्या आधाराने येतात. ती दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात आणि नागरिकत्वाची वाट पाहतात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे 'निर्वासित' अशी एकच सरकारी नोंद आणि तिच्यासोबत आपोआप येणारे हक्क असा प्रकार आपल्याकडे नाही; प्रत्येक गटाची स्थिती त्याच्याजवळील कागदावरून ठरते. २०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा आणि ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झालेले त्याचे नियम ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना लागू होतात. भाभींचे कुटुंब त्यानंतर आले. म्हणजे त्यांच्या वाट्याला जुनाच, लांबचा रस्ता.

आता आजारी माणसाच्या बाजूने पाहा. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण जुलै २०२४ पासून प्रति कुटुंब पाच लाखांपर्यंत वाढले आणि उत्पन्नाची अट जाऊन ती सर्वांसाठी खुली झाली, परंतु त्या 'सर्वां'त येण्यासाठी रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. भाभींकडे दोन्ही नाही. आधार आहे, कारण दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील अशा कुटुंबांना ते काढण्याची मुभा केंद्राने २०१६ मध्ये दिली. पण परदेशी रहिवाशाच्या आधारची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते आणि व्हिसाचे नूतनीकरण रखडले की आधारही लंगडे पडते. खिडकीवरच्या कारकुनाला यातील काहीच सांगितलेले नसते. समोर हिरव्या रंगाचा पाकिस्तानी पासपोर्ट आला की तो आधी दचकतो आणि मग "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणतो.

हे मी ऐकीव लिहीत नाही. भाभींच्या सुनेला ताप आणि उलट्या होत असताना आम्ही तिला शहरातील एका खासगी रुग्णालयात नेले होते. नाव घेत नाही. स्वागतकक्षात कागद पाहिल्यावर आम्हाला बाजूच्या बाकावर बसवले. पावणेदोन तासांनी एका गृहस्थांनी येऊन पोलिसांचा ना-हरकत दाखला मागितला. सलाइन लावायला असला दाखला लागतो हे मी साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. सुनेने त्या वेळात माझ्या पाण्याच्या बाटलीतले सगळे पाणी घोटघोट करून संपवले आणि रिकामी बाटली तशीच मांडीवर धरून ती बसून राहिली.

शुक्रवारच्या दवाखान्याचा मदत कक्ष याच दोन तासांवर उत्तर शोधतो, आणि माझ्या मते या सेवेचा तोच सर्वांत भक्कम भाग आहे. प्रत्येक कुटुंबाची एक प्लास्टिकची फाइल बनवून दिली जाते. तिच्यात व्हिसा, नोंदणी आणि आधार यांच्या प्रती, आधीच्या तपासण्या आणि सगळ्यांत वर एक पानी पत्र असते: ही व्यक्ती कोण, तिच्याकडील कागद कोणता, आणि कोणत्या सेवेसाठी कोणता कागद मागण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, सरकारी केंद्रातील बालकांचे लसीकरण आणि क्षयरोगाची तपासणी व औषधे यांसाठी नागरिकत्व विचारले जात नाही, हे त्या पत्रात ठळक लिहिलेले आहे. पत्राला कायद्याचे बळ नाही, पण त्यावर नोंदणी क्रमांक असलेल्या डॉक्टरांची सही आणि फोन नंबर आहे. खिडकीवरच्या माणसाला एवढेही पुरते असे दिसले, कारण त्याला हवा असतो तो आपल्यावर काही शेकणार नाही असा दिलासा.

कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हे सांगण्यातही त्यांचा हात धरणारा मला शहरात भेटलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. त्यात डागा स्त्री रुग्णालय येते. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे त्या निर्णयात आली नव्हती. हा फरक जन्मभर नागपुरात राहिलेल्या मलाही माहीत नव्हता, मग सक्करहून आलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? मोठी शस्त्रक्रिया लागली तर ते धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांचा मार्ग दाखवतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. भाभींच्या पतीच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया याच मार्गाने झाली. पहिल्या फेरीत "खाटा भरल्या आहेत" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या फेरीत मदत कक्षातील मुलगी स्वतः सोबत आली, तिने समाजसेवा अधीक्षकांना भेटून कलमाचा उल्लेख असलेला लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मिळाली नाही, खाट मिळाली. उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न मात्र तेथेही उभा राहिला आणि तहसील कार्यालयाच्या चार चकरा झाल्या. त्या चार चकरांत रोजीचे चार दिवस गेले, ते कोणत्याच निधीत मोजले जात नाहीत.

आता वैद्यकीय बाजू. तपासणारे डॉक्टर दोन आहेत, वयस्क आणि घाई न करणारे. सिंधमधून आलेल्या माणसाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक आहे आणि हे ठाऊक असणे फार मोलाचे आहे. पाकिस्तानात हिपॅटायटिस 'सी'चे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे आणि त्यामागे सुया व सिरिंजा पुन्हा वापरण्याची पद्धत हे मोठे कारण आहे; २०१९ मध्ये सिंधमधील रतोदेरो येथे शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले, तेव्हाही अशाच इंजेक्शनांकडे बोट दाखवले गेले. त्यामुळे येथे नव्या रुग्णाला तिकडे असताना किती वेळा आणि कोणाकडून सुई घेतली हे विचारतात आणि हिपॅटायटिसची तपासणी सुचवतात. भाभींच्या मोठ्या मुलाचा अहवाल 'सी'साठी बाधित आला. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे आणि त्यात औषधे मोफत मिळतात. त्याला बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागल्या आणि नंतरच्या तपासणीत विषाणू आढळला नाही. तिकडे याच आजाराने त्याचा काका रक्ताच्या उलट्या होऊन गेला होता. गोळ्यांनी हा आजार जातो यावर घरात पहिले काही आठवडे कोणाचा विश्वासच बसत नव्हता आणि भाभी गोळीसोबत झाडपाल्याचा कसलासा काढाही देत होत्या. डॉक्टरांनी तो थांबवायला सांगताना ओरडा केला नाही, आधी काढ्यात काय काय असते ते विचारले.

दुसरा विषय थॅलेसेमियाचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. सिंधी समाजात या आजाराच्या वाहकांचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त आहे, ही गोष्ट जरीपटक्यात लग्नाच्या बोलण्यांतही निघते इतकी माहितीतली आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलची जितकी चर्चा होते, तितकी तेथे याची. वाहक स्वतः धडधाकट असतो, फार तर थोडा रक्तक्षय दिसतो आणि लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. मग त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, रक्तातून साठत जाणारे लोह काढण्यासाठी रोजची औषधे, आणि सगळे घर त्या तारखांभोवती फिरते.

मे २०२४ मध्ये सून गरोदर राहिली. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होते. दवाखान्याने पहिल्याच भेटीत एचबीए-२ची तपासणी सांगितली आणि ती वाहक निघाली. येथपर्यंत सारे चोख झाले. त्यानंतर जे झाले ते मला आजही खटकते. पतीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी होती, पण तो कामावर होता. पुढच्या शुक्रवारी आला तर नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत नेणारा माणूस आला नव्हता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नमुना गेला आणि अहवाल येण्यास आणखी पाच दिवस लागले. दोघेही वाहक निघाल्यास गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते तेराव्या आठवड्यात करतात. आमचा अहवाल आला तेव्हा बारावा आठवडा चालू होता. पती वाहक नाही हे कळले, सुटलो. पण तो दैवाचा भाग झाला. आठवड्यातून एकदाच उघडणाऱ्या दवाखान्याचे घड्याळ आणि गर्भारपणाचे घड्याळ एका वेगाने चालत नाही, आणि अशा एका तपासणीसाठी शुक्रवारची वाट न पाहता त्या जोडप्याला थेट पाठवता येईल अशी व्यवस्था एखाद्या प्रयोगशाळेशी करून ठेवणे काही अवघड नव्हते. मी हे तेथील डॉक्टरांना सांगितले. त्यांनी मान्य केले, वहीत लिहून घेतले आणि पुढे चार-पाच महिन्यांनी तशी सोय केलीही.

वेळेची तक्रार येथे संपत नाही. शुक्रवारी सकाळी दहा ते एक ही वेळ हातावर पोट असलेल्यांसाठी सर्वांत गैरसोयीची आहे. या वस्तीतील पुरुष दुकानांत, गोदामांत, ठेल्यांवर काम करतात. बायका शिलाई आणि पापड करतात. सकाळ बुडाली की दिवस बुडतो. परिणामी रांगेत म्हातारी माणसे, बायका आणि मुले दिसतात, कमावता पुरुष क्वचित. त्याचा रक्तदाब, त्याची साखर, त्याची खोकल्याची ढास सगळे घरीच राहते. संध्याकाळी सहानंतर दोन तास दवाखाना उघडला तर सकाळचे तीन तास बंद ठेवूनही भागेल. याचे उत्तर मला "डॉक्टरांच्या वेळा" असे मिळाले. ते खरे असेल, पण पटण्याजोगे नाही.

याहून गंभीर गोष्ट गोपनीयतेची. ज्या मदत कक्षाची मी वर इतकी स्तुती केली, तो प्रत्यक्षात व्हरांड्यातील एक टेबल आहे आणि रांग त्याच्याच बाजूने जाते. व्हिसाची मुदत कधी संपते, हिपॅटायटिसचा अहवाल काय आला, घरात कोणाला झटके येतात, हे सारे मागे उभ्या असलेल्या सात-आठ माणसांना ऐकू येते, आणि ती माणसे अनोळखी नसतात, शेजारची आणि नात्यातली असतात. मोठ्या मुलाच्या अहवालाची बातमी आम्ही घरी पोहोचण्याआधी गल्लीत पोहोचली होती. त्यानंतर पंधरा दिवस शेजारच्या घरातून त्याला चहा काचेच्या पेल्याऐवजी कागदी कपात आला. हिपॅटायटिस 'सी' चहाच्या पेल्यातून पसरत नाही, हे मी त्या घरी जाऊन सांगितले. बाईंनी मान डोलावली आणि मलाही कागदी कपातच चहा दिला. इतक्या काळजीने प्रश्न ठरवणाऱ्या लोकांना टेबलाभोवती एक पडदा लावणे सुचू नये, याचे नवल वाटते. आता टेबल आतल्या खोलीच्या दाराशी सरकवले आहे. दार अजून उघडेच असते, कारण आत पंखा नाही.

मनाच्या दुखण्याची सोय जवळजवळ नाही. भाभींना दोन वर्षांपासून झोप लागत नाही. सक्करला राहिलेली धाकटी बहीण, तिचे फोन, विकलेले घर, हे सगळे रात्री डोळ्यांसमोर येते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्याचा निर्णय घेतला. हिंदूंच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला त्यात धक्का लागलेला नव्हता, पण ही दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या मागे बऱ्याच उशिरा पोहोचली. त्या शुक्रवारी दवाखान्यात एरवी असते त्याच्या निम्मीही माणसे नव्हती. भाभींनी दारे लावून घेतली होती आणि शिलाई मशीनच्या खोक्यात कागदांची फाइल दडवली होती. दवाखान्याने त्या दिवशी फोन करून लोकांना व्हिसा वैध असल्याचे सांगितले, ही त्यांची तत्परता मी विसरणार नाही. पण त्यानंतर भाभींना छातीत धडधडू लागले तेव्हा ईसीजी काढून "घाबरू नका" यापलीकडे काही मिळाले नाही. सिंधी समजणारा समुपदेशक महिन्यातून एकदा आला तरी चालेल, आणि जरीपटक्यासारख्या वस्तीत असा माणूस सापडणार नाही असे मला वाटत नाही.

सगळी सेवा त्या एका मुलीवर उभी आहे, हेही सांगायला हवे. तिच्या लग्नानिमित्त ती पाच आठवडे रजेवर होती. त्या काळात पाकिटांवर शिक्के उमटले, सिंधी शब्द उमटले नाहीत. फाइली बनल्या नाहीत. एका आजोबांची सिंधमधून आणलेली कागदपत्रे कोणाला वाचता न आल्यामुळे त्यांची सगळी रक्ततपासणी पुन्हा झाली. एरवी ती मुलांची तिकडची लसीकरण कार्डे वाचून भारतीय कार्डावर उतरवून देते, हे काम तर अन्यत्र कोणी करत असल्याचे मी पाहिलेले नाही. पाकिस्तानात पोलिओचा विषाणू आजही फिरतो आणि भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, तेव्हा नव्याने आलेल्या मुलाला कोणता डोस मिळाला हे नीट वाचता येणे आपल्याही मुलांच्या भल्याचे आहे. जुन्या पिढीतील अनेक सिंधी गृहस्थांना ती लिपी येते. त्यांच्यापैकी दोघांना शुक्रवारी बसवले तर हा प्रश्न सुटेल, असे मी सुचवून झाले आहे.

एक अनुभव जाता जाता. मागच्या डिसेंबरात रांगेत स्वेटर विकणाऱ्या एक तिबेटी बाई होत्या. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. थंडीत त्यांच्यातील कितीतरी कुटुंबे माल घेऊन शहरोशहरी जातात. या बाईंना क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या उपचारातील तिसरा महिना चालू होता आणि औषधे संपत आली होती. तिबेट्यांमध्ये क्षयरोग जास्त आढळतो आणि हंगामी विक्रीसाठी गाव सोडणे हे औषध तुटण्याचे नेहमीचे कारण असते. डॉक्टरांनी त्यांचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, विचारला, तो मोबाइलमध्ये होता, आणि जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून हंगाम संपेपर्यंतची औषधे तेथून मिळण्याची व्यवस्था लावली. निक्षय पोषणाचे महिन्याचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले आहेत, जुन्याच खात्यात जमा होत राहतील हेही सांगितले. वीस मिनिटांचे काम. त्या बाई तिबेटी, डॉक्टर सिंधी, मध्ये दुभाषी मी आणि तीही बाजारहाटाच्या नागपुरी हिंदीत.

एकूण मत विचाराल तर भाषा आणि कागद या दोन बाबतींत मी या दवाखान्याला पैकीच्या पैकी गुण देईन, वेळ आणि गोपनीयता यांत नापास करीन आणि वैद्यकीय तपासणीत चांगल्या विद्यार्थ्याला देतो तसे पंचाहत्तर. पुढे पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले याची चौकशी ते करतात, परंतु रुग्ण परत आला तरच. जो परत आला नाही त्याच्यासाठी वहीत रकाना नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मेट्रोने इंदोरा चौकात उतरून सामायिक ऑटो मिळतो. साडेनऊपर्यंत पोहोचल्यास पहिल्या वीसात क्रमांक लागतो. अकरानंतर गेलात तर बाराच्या चहापानात अडकाल. स्त्री डॉक्टर एक आड एक शुक्रवारी असतात, तेव्हा आधी फोन करावा. घरातील सगळी औषधे, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत, आणि कागदांच्या झेरॉक्स बाहेरूनच काढून न्याव्यात, कारण तेथील यंत्र जूनपासून बंद आहे. भाभी आता एकट्याने जातात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फोन करून विचारले की नातीच्या गोवराच्या दुसऱ्या डोसाची तारीख कार्डावर कोणत्या बाजूने वाचायची.